कॅप्टन लॅथमच्या जाकिटातला पट्टा

१

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला एक्स-रेचं चित्र स्क्रीनवर आलं. जाकीट दिसत होतं. बटणं, दोन्ही खिसे, डाव्या खांद्यात रुतून बसलेला शिशाचा छर्रा, सगळं दिसत होतं. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो पट्टा तेवढा नव्हता. अस्तराच्या आत काहीच नव्हतं.

"हिमानी," आमचे डायरेक्टर पॉल लिंडग्रेन शांतपणे म्हणाले, "कुठंय तुझा पट्टा?"

मी चित्र मोठं करून पुन्हा पाहिलं.

आमचं संग्रहालय बॉथेल शहरापासून अर्ध्या तासावर, समुद्राकाठी. लहानसंच आहे. जुनी जहाजं, खलाशांचे कपडे, होकायंत्रं. मी पुण्याहून इथं पीएचडीला आले ती जुन्या कापडांचा अभ्यास करायला, आणि गेलं वर्षभर इथं काम करतेय. विषय सांगितला की लोक हसतात: पुरुषांचे कपडे घालून समुद्री चाचे झालेल्या बायका. पण तशा बायका खरंच होत्या. अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड पुरुषी वेषात एकाच जहाजावर लढल्या आणि १७२० साली जमैकात त्यांच्यावर खटला चालला. त्या पकडल्या गेल्या, म्हणून आपल्याला ठाऊक झाल्या. माझा प्रश्न एवढाच होता, की ज्या कधीच पकडल्या गेल्या नाहीत, त्यांचं काय?

गेल्या महिन्यात गॉर्डन लॅथम नावाच्या गृहस्थांनी आपल्या पूर्वजाचं जाकीट आम्हाला दिलं. कॅप्टन टोबी लॅथम. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर धुमाकूळ घातलेला, शेवटपर्यंत कुणाच्या हाती न लागलेला चाचा. गुरुवारी अकराच्या सुमारास ते जाकीट तपासताना डावीकडच्या अस्तराची शिवण बोटभर उसवलेली दिसली. मी बारीक दिव्याने आत पाहिलं. जाड कॅनव्हासचा वीतभर रुंद पट्टा, कडेला ओळीने शिवलेल्या पितळी कड्या, नाडी ओवून आवळायला. पोटासाठी नव्हताच तो, छाती सपाट दिसावी म्हणून बांधायचा होता.

कॅप्टन लॅथम बाई होती.

अंधारातला फोटो नीट आला नाही. म्हटलं, उद्या एक्स-रे आहेच. जेवायच्या सुट्टीत मी आनंदाने सगळ्यांना सांगून टाकलं, देणगीच्या कागदांसाठी आलेल्या लॅथम भावंडांनाही. पॉलनी तर लगेच वर्तमानपत्राला कळवलं. शनिवारी अकराला प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

आणि आता पट्टा नव्हता. शिवणही उसवलेली नव्हती. ती अशी बंद होती, की जणू तीनशे वर्षं कुणी तिला हात लावला नव्हता.

"उद्या अकरापर्यंत वाट बघतो," पॉल म्हणाले. "नाहीतर तू खोटा दावा केलास असं मला युनिव्हर्सिटीला लिहावं लागेल. आय अ‍ॅम सॉरी."

२

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी घरी फोन लावला. रत्ना मावशी दोन महिन्यांसाठी नागपूरहून माझ्याकडे आली होती. चौसष्ट वर्षांची, आईची थोरली बहीण. सीताबर्डीत अनिल काकांचं टेलरिंगचं दुकान होतं. काका गेल्यावर तिने ते बंद केलं आणि मुलींना शिवण शिकवायला लागली.

"तू रडून राहिलीस का?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शिवण खोटं बोलत नाही वं. शिवणारा बोलतो. मला ते जाकीट दाखव."

पॉलनी परवानगी दिली, पण हात लावायचा नाही या अटीवर. मावशी टेबलासमोर हात मागे बांधून उभी राहिली. भिंगातून बघायची आणि मला सांगायची, इकडून उचल, तिकडून उलट कर. वीस मिनिटं झाली. पॉल घड्याळ बघायला लागले.

"हे उसवणारा चोर नव्हे," ती अखेर म्हणाली.

"म्हणजे?"

"चोर कात्री लावतो. इथं कापडाचा एक धागा तुटला नाही. एकेक टाका सुईने उचलून काढलाय, अन् परत शिवताना सुई जुन्याच भोकांतून घातलीय. नऊ इंच शिवण. दीड-दोन तासांचं काम आहे. ज्याने केलं त्याला या जाकिटाबद्दल माया आहे."

मी पॉलना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी घड्याळ खाली केलं.

"आता गाठ बघ. बाकीच्या सगळ्या शिवणींची गाठ उजव्या टोकाला आहे, कारण उजवा माणूस उजवीकडून सुरू करून डावीकडे येतो. या एका शिवणीची गाठ डावीकडे. शिवणारा डावरा आहे." ती भिंगावर आणखी वाकली. "अन् हा दोरा जुना नाही. नवाच सुती दोरा आहे, चहाच्या पाण्यात रंगवलेला. आम्ही जुनी लेस दुरुस्त करताना हेच करतो. रंग धरायला, वाळायला एक रात्र लागते. तू पट्ट्याचं लोकांना कधी सांगितलंस?"

"काल दुपारी. साडेबाराला."

"अन् एक्स-रे आज सकाळी."

"हो."

"मध्ये रात्र होती खरी. पण कोणी रात्री येऊन शिवलं असेल तर गोष्ट वेगळी. दिवसाढवळ्या शिवलं असेल, तर तो दोरा घेऊनच आला होता. म्हणजे पट्टा आत आहे हे त्याला तुझ्याआधी ठाऊक होतं."

पॉल खुर्चीत बसले. मावशी मात्र परत भिंगाकडे वळली होती.

"थांब," ती म्हणाली. "थांब, थांब. हे काय आहे?"

३

त्या शिवणीच्या कडेला, कापडाच्या वळलेल्या भागात, जुन्या दोऱ्यांचे सुईच्या टोकाएवढे तुकडे अडकले होते. मावशीने ते मला एकेक दाखवले. मेण लावलेला जवसाचा दोरा. दुसरा तसाच, पण बारीक. मग रेशीम. मग निस्तेज सुती, मग चकाकणारा सुती. सात प्रकार.

"बाकीच्या शिवणी आयुष्यात एकदाच शिवल्या," ती म्हणाली. "हीच एक सात वेळा उसवली अन् सात वेळा शिवली. दर वेळी वेगळ्या काळातला दोरा, वेगळा हात."

"पण लॅथम म्हणाले की जाकीट काचेच्या फ्रेममधून कधी बाहेरच काढलं नाही!"

"त्यांना तसं वाटत असेल."

मला तिचं म्हणणं नीट कळलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, रात्री की दिवसा. गुरुवारी संध्याकाळी संग्रहालयाची किल्ली नकुलकडे होती. हा बॉथेलमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, आणि ऑफिसमधून लवकर सुटला की येऊन आमच्या जुन्या जहाजांचे दोर बांधतो. बोटांत कसब आहे. आणि तो डावरा आहे.

तो लंच ब्रेकमध्ये ड्राइव्ह करून आला. मी विचारल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"यार हिमानी, मी? मला शर्टाचं बटण लावता येत नाही. दोराच्या गाठी मारतो मी, पण तो दोर अंगठ्याएवढा जाड असतो. काल सहाला लॉक केलं आणि सरळ घरी गेलो."

"मधे कुणी आलं होतं?"

"लॅथम काका पाचला परत आले होते. हॅट विसरले होते. दहा मिनिटं होते."

गॉर्डन लॅथम. गुरुवारी त्यांनी देणगीच्या कागदावर सही केली ती डाव्या हाताने. माझ्या डोळ्यांसमोरच केली. मी मावशीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "दहा मिनिटांत एवढी शिवण होत नाही."

उरली वल्लरी. मुंबईची, माझ्याच वर्षाची, माझ्याच फेलोशिपसाठी अर्ज केलेली. गुरुवारी दुपारभर ती शेजारच्या लायब्ररीत होती. आमचं फारसं पटत नाही, हे संग्रहालयात सगळ्यांना माहीत आहे. ती उजव्या हाताची आहे, पण मला तेव्हा कुणावरही संशय घ्यावासा वाटत होता.

"माझ्याकडे अशी काय बघतेस?" ती म्हणाली. "मी घेतला पट्टा?"

"मी तसं म्हटलं नाही."

"चेहऱ्यावर लिहिलंय." मग ती मावशीकडे वळली. आवाज खाली आला. "मावशी, मी एक चूक केलीय. हिमानीने सांगितल्यावर मला राहवलं नाही. मला तो पट्टा बघायचा होता. चार वाजून वीस मिनिटांनी मी परमिशन न घेता आत गेले, झाकण काढलं आणि फोटो घेतला."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच.

"कारण फोटोत शिवण बंद होती! मला वाटलं तू बनवाबनवी केलीस. आणि सांगितलं असतं तर मी तिथं काय करत होते हे विचारलं असतं सगळ्यांनी."

तिने फोन पुढे केला. चार वीस. शिवण बंद, गाठ डावीकडे. म्हणजे नकुल सुटला, हॅटवाले लॅथम सुटले, रात्रही सुटली. काम साडेबारा ते चार वीस या वेळातच झालं होतं.

पॉल माझ्याकडे बघत होते. "हिमानी," ते म्हणाले, "त्या वेळात जाकिटाची पेटी तुझ्या ताब्यात होती."

४

ते खरं होतं, आणि खरं नव्हतंही. जेवण झाल्यावर गॉर्डनना प्रदर्शनाच्या पाट्या दाखवायला मी आणि पॉल त्यांच्याबरोबर गेलो. दोन तास मोडले, कारण गॉर्डन प्रत्येक पाटीपाशी एक गोष्ट सांगत होते. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हयातभर इथल्या खाडीत फेरीबोटीचे कॅप्टन होते, आणि टोबी लॅथमची गोष्ट त्यांनी प्रवाशांना, शाळांना, सगळ्यांना पन्नास वर्षं सांगितलेली. त्या दोन तासांत जाकिटापाशी त्यांची थोरली बहीण बसली होती. विनिफ्रेड, चौऱ्याऐंशी वर्षांची, वॉकर घेऊन चालणारी. "मला जरा निरोप घेऊ द्या त्याचा," ती म्हणाली होती. मी परत आले तेव्हा ती डोळे मिटून बसली होती, म्हणून मी आवाज न करता झाकण लावलं. शिवण पाहिली नाही.

"पण ती उजव्या हाताने लिहिते," मी गाडीत मावशीला म्हटलं. "पाहुण्यांच्या वहीत तिने माझ्यासमोर लिहिलं. आणि पट्टा नेणार कसा? दारावर सगळ्यांच्या पर्स उघडून बघतात. तिचीही बघितली."

"तिचा फोटो आहे तुझ्याकडे?"

होता, जेवताना काढलेला. मावशी लाल सिग्नलला तो मोठा करून बघत राहिली. वाकलेले खांदे, पुढे झुकलेली मान.

लॅथमांचं घर जवळच्या एडमंड्स गावात, चढावर. गॉर्डननी दार उघडलं, त्यांना आम्ही येणार हे फोनवर सांगितलंच होतं. त्यांनी स्वतः चहा आणला. कप बशीवर असा खडखडत होता की मी उठून तो धरला.

"हात ऐकत नाहीत आता," ते हसून म्हणाले. मग गंभीर झाले. "हे बघ मुली, मला वाईट वाटलं नसतं असं मी म्हणणार नाही. टोबी बाई होता म्हणे! पण खरं असतं तर मी सहन केलं असतं. मी काही चोरलं नाही."

"ठाऊक आहे," मावशी मराठीत म्हणाली. तिचं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडे होतं.

विनिफ्रेड खिडकीपाशी बसली होती, अगदी ताठ. पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. काल फोटोत वाकलेली बाई आज एखाद्या शाळकरी मुलीसारखी सरळ बसली होती. मावशी मुलींना अंगाची मापं घ्यायला शिकवते. तिने माझ्या हाताला चिमटा काढला.

मग मावशीने आपल्या स्वेटरच्या बटणाला एक हिसका दिला. बटण तिच्या तळहातावर आलं.

"हिमानी, त्यांना विचार, सुई-दोरा मिळेल का? अन् म्हणाव, माझे डोळे काही धड नाहीत. ओवून द्याल का?"

विनिफ्रेडने शेजारची टोपली उघडली. दोरा निवडला, त्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई ओवली. मग, मावशीने स्वेटर पुढे धरला म्हणून असेल, स्वतःच बटण लावायला घेतलं. चार टाके, दोन वेढे, गाठ. सगळं डाव्या हाताने.

मावशी तिच्याकडे बघत हळूच म्हणाली, "माझ्या क्लासात अशा चार-पाच मुली दरवर्षी येतात. डावऱ्या. शाळेत मारून मुटकून उजव्या हाताने लिहायला लावलेल्या. सुई मात्र ज्या हाताची त्याच हातात जाते."

मी ते इंग्रजीत सांगितलं. विनिफ्रेडचे हात स्वेटरवर थांबले.

"गॉर्डन," ती म्हणाली, "जरा खाली जाऊन पत्रं आली का बघ."

"आज पत्रं केव्हाच आली, विनी. मी इथंच बसतो."

५

विनिफ्रेडने सुई टोपलीत ठेवली. मग विनिफ्रेड उठली, वॉकरला हात न लावता. तिने आपल्या स्वेटरची बटणं सोडली. आत शर्टावरून तिने तो बांधला होता. वीतभर रुंद, तपकिरी, कडेला पितळी कड्या.

माझा जीव अर्धा झाला. तीनशे वर्षांचं कापड! आम्ही त्याला हातमोजे घालून हात लावतो.

"दारात पर्स बघतात, बाई बघत नाहीत," ती म्हणाली. "कॅप्टन जशी घेऊन फिरली तशीच मी घेऊन आले. घरी आल्यावर काढणार होते. काढवेना. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या पाठीला कणा आहे."

गॉर्डनचा चेहरा पांढरा पडला होता. "तुला माहीत होतं? कधीपासून?"

"एकोणीस वर्षांची होते तेव्हापासून. आईने रात्रभर बसवून शिवायला लावलं. तिला तिच्या सासूने. कधी आई, कधी आत्या, कधी सासू, घरात जी बाई असेल ती. पट्टा बाहेर काढायचा, बघायचा, आधीच्या बायकांची नावं म्हणायची, परत आत घालून आपल्या दोऱ्याने शिवायचा. आम्ही नऊ जणी झालो."

"मला सातच दोरे मिळाले," मावशी म्हणाली. मी सांगितल्यावर विनिफ्रेड पहिल्यांदा हसली.

"दोघींचे दोरे विरले असतील."

मग तिने गोष्ट सांगितली. गॉर्डन सांगायचे त्या गोष्टीत टोबी लॅथम १७२४ साली वादळात बुडाला, आणि काही महिन्यांनी त्याची विधवा सुझाना तान्हं मूल आणि जाकीट घेऊन कॅरोलायनाच्या एका कोळीवाड्यात उतरली. बायकांनी सांगितलेल्या गोष्टीत बुडालं कुणीच नव्हतं. सुझाना हाच टोबी होता. अकरा वर्षं तिने जहाज चालवलं, खांद्यात गोळी घेतली, चाळीस पुरुषांना हुकूम दिले. पोट दिसायला लागलं तेव्हा तिने कॅप्टनला बुडवला, काळा झगा घालून स्वतःचाच शोक केला आणि पोराला वाढवलं.

"गॉर्डनने मला न विचारता फ्रेम परस्पर देऊन टाकली," विनिफ्रेड म्हणाली. "मग मी दोरा रंगवला. तिचं गुपित तिकीट काढून येणाऱ्या लोकांसाठी नव्हतं. मी वचन दिलंय."

मावशीने तिच्यासमोर खुर्ची ओढून घेतली.

"काय वचन दिलं? शब्द काय होते नेमके?"

विनिफ्रेडने आठवून सांगितलं. "उसव, बघ, शिव, पुढच्या हातात दे."

"'कुणाला सांगू नको' असं आहे त्यात?"

विनिफ्रेडने ते शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिले.

"तुमच्यानंतर पुढचा हात कुणाचा?"

"कुणाचाच नाही," ती म्हणाली. "मला मूल नाही. गॉर्डनलाही नाही."

मग मावशी जे बोलली ते मी इंग्रजीत सांगता सांगता दोनदा अडखळले. कारण ते मलाही ठाऊक नव्हतं.

"आमच्या दुकानाची पाटी होती, अनिल टेलर्स, सूट स्पेशालिस्ट. लग्नानंतर सहाव्या वर्षी अनिलची नजर गेली. पूर्ण नाही, पण कापड बेतण्याएवढी राहिली नाही. बाईकडे कोट शिवायला कोण टाकणार? मग ते पुढे बसायचे, गळ्यात टेप घालून. मी पडद्यामागे. बावीस वर्षं नागपुरातल्या वकिलांचे, डॉक्टरांचे, नवरदेवांचे कोट मी बेतले. लोक म्हणायचे, अनिलभाऊंच्या हातात जादू आहे. मी चहा घेऊन यायची अन् ऐकायची. आज सांगितलं तर कोण मानेल? माझ्या शिवणीला नाव सांगणारा माणूसच उरला नाही." तिने विनिफ्रेडच्या अंगावरच्या पट्ट्याकडे बोट केलं, पण हात लावला नाही. "तिच्यासाठी तुम्ही आहात. तुम्ही गेल्यावर ही चिंधी होईल, कुणीतरी केराच्या टोपलीत टाकेल. तिने लपवलं ते जगायचं होतं म्हणून. लाज वाटत होती म्हणून नव्हे. लाज असती तर तिने पट्टा जाळला असता, सुनेच्या हातात दिला नसता."

विनिफ्रेडने कड्यांवरून बोटं फिरवली. तिचे डोळे भरले होते, पण मान खाली गेली नव्हती.

"हिला विचार," ती मला म्हणाली, "हा सोडायला मदत करेल का."

६

शनिवारी अकराला दालन भरलं होतं. पॉलनी सकाळी माझी माफी मागितली, आणि वल्लरी न सांगता लवकर येऊन माझ्याबरोबर काचेच्या पेटीत पट्टा मांडायला लागली. शेजारची पाटी आम्ही दोघींनी मिळून नव्याने लिहिली होती. खाली, कपड्याची तपासणी कुणी केली ते लिहायची पद्धत आहे. पॉल मावशीकडे वही घेऊन आले. तिने इंग्रजीत, एकेक अक्षर सावकाश काढत, आपलं नाव लिहिलं आणि पुढे जोडलं: कोट कटर, नागपूर. मग मान तिरकी करून बघितलं, जसं कोटाचा खांदा बसला का बघावं तसं, आणि वही परत दिली.

विनिफ्रेड माइकपाशी उभी राहिली. तिने नऊ नावं म्हटली, पहिलं सुझाना, शेवटचं स्वतःचं. एवढंच बोलली. लोकांना क्षणभर कळेना, मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

मी मात्र गॉर्डनकडे बघत होते. कालपासून ते बहिणीशी एक शब्द बोलले नव्हते. पहिल्या रांगेत फेरीबोटीचा जुना कोट घालून बसले होते, थरथरणारे हात गुडघ्यांवर दाबून. पन्नास वर्षं जो पुरुष अभिमानाने मिरवला तो कधी नव्हताच, आणि हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. टाळ्या थांबल्यावर ते उठले. पॉल माझ्याकडे घाबरून बघायला लागले.

गॉर्डन पेटीपाशी गेले आणि बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बहिणीचा डावा हात आपल्या हातात घेतला.

"मला कॅप्टनचं रक्त मिळालं असं मी सगळ्यांना सांगायचो," ते म्हणाले. माइक लांब होता, तरी बोटीवरचा तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "मला वाटत होतं त्यापेक्षा ती मोठी कॅप्टन निघाली. पन्नास वर्षं मी ही गोष्ट चुकीची सांगितली. ज्यांनी ज्यांनी ऐकली असेल त्यांनी विसरून जावी."

त्यांनी घसा साफ केला आणि छाती पुढे काढली.

"सुझाना लॅथम नावाची एक मुलगी होती," त्यांनी सुरुवात केली, "आणि तिला जहाज हवं होतं."